चालती गाडी बंद पडते तेव्हा

चालती मोटार बंद पडते ती दोन तऱ्हांनी. एक, किल्ली फिरवून बंद करावी तशी एका क्षणात. दुसरी, आचके देत, दम टाकत, कशीबशी पाचपन्नास मीटर पुढे जाऊन. पहिल्या तऱ्हेत दोष बहुधा विजेच्या बाजूला असतो: सेन्सर गेला, रिले सुटला, कॉइल गेली. दुसऱ्या तऱ्हेत तो बहुधा इंधनाच्या बाजूला असतो: पंपाचा दाब उतरत गेला, फिल्टर तुंबला, टाकीच कोरडी झाली. या नियमाला अपवाद आहेत. तरीही जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘बंद कशी पडली?’ मालकाला त्याचे उत्तर सहसा देता येत नाही, कारण त्या क्षणी त्याचे सगळे लक्ष मागून येणाऱ्या ट्रककडे असते.

ते तिथे असायलाच हवे. इंजिन थांबले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला हातभार लावणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पॅडल दाबले की संपतो. ब्रेक त्यानंतरही लागतो, पण पाय सगळ्या ताकदीने रोवावा लागतो. म्हणून उतारावर घरंगळणाऱ्या बंद गाडीत ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू-दाबू नये. एकदाच दाबून धरावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढू नये, कारण स्टिअरिंग लॉक होते. कडेला लागल्यावर हॅझर्ड दिवे लावावेत, हँडब्रेक ओढावा, चढावर पहिला आणि उतारावर रिव्हर्स गिअर टाकावा, चाकाला दगड लावावा. गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण डिकीत झोपवून ठेवण्यासाठी नसतो. तो निदान पन्नास मीटर मागे ठेवावा, द्रुतगती मार्गावर आणखी लांब. माणसांनी गाडीत न बसता रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. गाडी सुरू झाल्यावर चाकाखालचा दगड उचलून बाजूला टाकावा, हे सांगायची गरज पडू नये. पण खंबाटकी किंवा कसाऱ्याच्या घाटात पहाटे दुचाकीवरून जाणाऱ्याला ती का पडते ते ठाऊक असते.

सेल्फचा आवाज

पहिली तपासणी कानाने होते. सेल्फ मारायचा आणि ऐकायचे, तेही चार-पाच सेकंदच. सेल्फची मोटर शंभर-दोनशे अँपिअर ओढते. सलग दहा सेकंदांहून जास्त फिरवली तर तिची वाइंडिंग तापते, बॅटरी बसते, आणि मूळ दोष एका फ्यूजचा असला तरी गाडी ओढून न्यावी लागते. रस्त्यात अडकलेल्या किती गाड्या मूळ दोषाने अडकतात आणि किती मालकाने चिडून मारलेल्या सेल्फने, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण दुसरा आकडा लहान नसावा.

काहीच आवाज आला नाही, किंवा नुसती कटकट झाली आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर वीजच पुरत नाही. गाडी घरासमोर सकाळी अशी वागली तर बॅटरी संशयित. चालता चालता बंद पडून मग अशी वागली, तर संशय अल्टरनेटरवर. चालत्या गाडीत ठिणगीपासून दिव्यांपर्यंत सगळी वीज अल्टरनेटर पुरवतो आणि उरलेली बॅटरीत भरतो. तो निकामी झाला की गाडी लगेच थांबत नाही. बॅटरीत जेवढी शिल्लक असेल तेवढ्यावर ओढत राहते. रात्र असेल, पाऊस असेल, दिवे-वायपर-एसी सगळे चालू असेल तर ही शिल्लक फार लवकर संपते. तोवर खुणा दिसत असतात: बॅटरीचा लाल दिवा लागतो, वायपर रेंगाळतात, हेडलाइट पिवळे पडतात, हॉर्न घोगरा होतो, इंजिन मिसिंग मारू लागते. अशा गाडीला दुसऱ्या बॅटरीवरून जम्प दिला की ती सुरू होते, सगळ्यांना हायसे वाटते, आणि केबल काढल्यावर काही अंतरावर ती पुन्हा थांबते. साधा मल्टिमीटर इथे मिनिटात निकाल देतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी उतरलेली साधारण १२.२. इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.४च्या दरम्यान हवा. इंजिन चालू असूनही तो साडेबाराच्या खाली घसरत असेल तर चार्जिंग होत नाही. बॅटरीच्या दिव्याबरोबर तापमानाचा काटाही वर चढत असेल तर पट्टा तुटला समजावे, कारण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. त्या स्थितीत गाडी पुढे दामटणे म्हणजे हेड गॅस्केट घालवणे.

नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल हाताने हलवून पाहावीत. हाताने फिरते ते टर्मिनल सैल आहे. त्यावर पांढरट-हिरवी बुरशी चढली असेल तर गरम पाणी ओतून, ब्रशने घासून, घट्ट करावे. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटली तरी लक्षणे बॅटरी गेल्यासारखीच दिसतात, आणि तिच्याकडे बघतो मात्र क्वचित कोणी.

सेल्फ एकच ठोका देऊन जागीच अडकला तर हात आखडता घ्यावा. इंजिन जाम झालेले असू शकते किंवा सिलिंडरमध्ये पाणी असू शकते. दोन्हींत पुढचा प्रत्येक सेल्फ नुकसान वाढवतो. त्याचप्रमाणे सेल्फ नेहमीपेक्षा भरभर, हलका, एकसुरी फिरत असेल तरीही थांबावे. निरोगी इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या दाबाशी झुंजताना सेल्फच्या आवाजाला एक लय येते. ती लय गेली म्हणजे दाब गेला, आणि चालत्या गाडीत तो एकाएकी जातो तो बहुधा टायमिंग बेल्ट तुटल्याने. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि बऱ्याच इंजिनांत खालून येणारे पिस्टन त्यांवर आदळतात. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने ते पान आधी वाचावे.

ठिणगी की पेट्रोल

खरा पेच चौथ्या आवाजात आहे. सेल्फ नेहमीच्या लयीत फिरतो, पण इंजिन पकडत नाही. आता प्रश्न दोनच: पेट्रोल पोहोचते का, आणि ठिणगी पडते का. हवेचा प्रश्न क्वचितच येतो. फिल्टरमध्ये उंदराने घर केले असेल किंवा सायलेन्सरमधला कॅटलिटिक कन्व्हर्टर वितळून तुंबला असेल तर. पण तशी गाडी आधी बरेच दिवस ओढत नसते, एकाएकी थांबत नाही.

पेट्रोलची तपासणी खिडक्या वर करून, रेडिओ आणि ब्लोअर बंद करून करावी. किल्ली ‘ऑन’वर आणायची, सेल्फ मारायचा नाही. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलपंप टाकीच्या आत असतो. किल्ली ऑन होताच तो दोन-तीन सेकंद घुमतो, लाइनमध्ये साधारण तीन बारचा दाब भरतो आणि थांबतो. मागच्या सीटखालून ती बारीक घूं ऐकू येते. ती थांबते यात बिघाड काही नाही. इंजिन फिरत असल्याची खूण मिळाल्याशिवाय पंप चालू ठेवायचा नाही, असे ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, शिकवलेले असते. अपघातात फुटलेल्या पाइपमधून पेट्रोल वाहत राहू नये, हा त्यामागचा हेतू. आवाज आला तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि पंपाची मोटर एवढ्या गोष्टी निदान त्या घडीला जिवंत आहेत. दाब पुरेसा आहे, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी गेजच लावावा लागतो.

आवाज आला नाही तर आधी फ्यूज, मग रिले. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. पेट्रोलपंपाच्या रिलेवर जो क्रमांक असतो तोच बऱ्याचदा हॉर्नच्या किंवा एसीच्या रिलेवरही असतो. क्रमांक आणि पिना जुळत असतील तर दोन्हींची अदलाबदल करून पाहावी. पंप घुमू लागला आणि हॉर्न मुका झाला, तर दोषी सापडला; एक रुपयाही खर्च न करता. त्यानेही पंप बोलला नाही तर एक जुनी युक्ती उरते: एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या तळाला चपलेच्या टाचेने दोन-चार ठोके द्यायचे. ब्रश झिजलेली मोटर धक्क्याने कधी कधी फिरते. अशी गाडी सुरू झाली तर ती बरी झाली असे समजू नये. बंद न करता सरळ गॅरेजमध्ये न्यावी.

टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. काटा कायम रिझर्व्हवर ठेवून पाचशे-पाचशेचे पेट्रोल टाकण्याची सवय असलेल्या मालकाचा पंप त्यामुळे लवकर म्हातारा होतो, आणि तळाचा गाळही आधी त्यालाच ओढावा लागतो.

पंप बोलतो आहे, तरी गाडी धरत नाही, मग ठिणगी. थोडा वेळ सेल्फ मारल्यावर सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल आत जाते आहे, जळत नाही. प्लग काढला तर ओला निघतो. फार सेल्फ मारल्याने इंजिन नुसतेच फ्लड झाले असेल, तर बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला की ईसीएम पेट्रोल तोडतो आणि सिलिंडर वाळतात. मात्र प्लगची वायर हातात धरून ब्लॉकजवळ ‘करंट’ बघण्याची जुनी रीत आता सोडून द्यावी. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत तो दाब हजारो व्होल्टचा असतो. माणसाला झटका बसतोच, शिवाय कॉइल किंवा ईसीएम जाण्याची भीती असते. स्पार्क टेस्टर फार महाग नसतो.

इथे आरपीएमचा काटा कामी येतो. सेल्फ फिरत असताना इंजिन मिनिटाला दोनेकशे फेऱ्या घेते आणि बऱ्याच गाड्यांत काटा किंचित उठतो. तो शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला, तर इंजिन फिरते आहे हे ईसीएमला कळतच नाही, असा अर्थ निघू शकतो. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. संशय जातो क्रँक सेन्सरवर.

तापली की बंद

या सेन्सरची तक्रार इतकी ठरावीक असते की ती तपशिलाने पाहण्यासारखी आहे. मे महिना, तासभर चालवलेली गाडी, घाटाच्या पायथ्याशी रांग. इंजिन एकदम बंद. सेल्फ खणखणीत, बॅटरी उत्तम, टाकी अर्धी भरलेली, तापमानाचा काटा मधोमध. गाडी धरत नाही. मेकॅनिक यायला पाऊण तास लागतो. तो किल्ली फिरवतो आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. तो प्लग साफ करतो, पैसे घेतो. आठवड्याने तेच. मग प्लग बदलले जातात, नंतर फिल्टर, नंतर पंप, नंतर कॉइल.

जुन्या धाटणीचा क्रँक सेन्सर म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. तो क्रँकच्या पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ बसवलेला असतो. त्याच्यासमोरून, मिलिमीटरभर अंतरावरून, दातांचे चाक फिरते. एका प्रचलित रचनेत साठ दातांच्या जागा असतात आणि त्यांतले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात; त्या रिकाम्या जागेवरून ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते कळते. प्रत्येक दातागणिक वेढ्यात विजेचा हेलकावा उठतो. वर्षानुवर्षे तापून-निवून तारेला एखादा सूक्ष्म तडा जातो. थंड असताना तड्याची टोके टेकलेली असतात. तापल्यावर सेन्सरचे प्लॅस्टिक प्रसरण पावते, टोके सुटतात, हेलकावे थांबतात, आणि ईसीएमच्या लेखी इंजिन थांबलेले असते.

इंजिन बंद झाल्यावर ते लगेच निवत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. पाण्याचा पंप थांबलेला, वारा थांबलेला. धातूत साठलेली उष्णता बाहेर येत राहते आणि बॉनेटखालचे तापमान पहिली दहा-पंधरा मिनिटे उलट चढते. म्हणून पाच मिनिटे थांबून केलेला प्रयत्न फसतो आणि पाऊण तासाने केलेला यशस्वी होतो. मेकॅनिकच्या हाताला गुण आहे असे वाटते ते यामुळे.

तपासणी साधी आहे, पण दोष अंगात असतानाच करायची. सेन्सर हाताशी येत असेल तर त्यावर साधे पाणी हळूहळू ओतावे. मिनिट-दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान पक्के. मीटरने मोजले तर चांगल्या वेढ्याचा रोध बहुधा काहीशे ते हजार-दीड हजार ओहम भरतो. तडा सुटलेला असताना मीटर अनंत दाखवतो. गाडी थंड झाल्यावर हेच माप अगदी बरोबर येते, आणि ‘सेन्सर ओके’ असा शेरा बसतो. नव्या गाड्यांत तीन वायरींचा हॉल सेन्सर असतो. तो असा ओहममध्ये मोजता येत नाही. त्याचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहावा लागतो. तापल्यावर रुसणारे आणखी काही भाग आहेत: एकत्रित कॉइल पॅक, डाग सुटलेला मेन रिले, १९९०च्या दशकातल्या गाड्यांचा डिस्ट्रिब्युटरमधला इग्निशन मॉड्यूल. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर एक कॉइल गेल्याने गाडी थरथरते, बंद पडत नाही.

तापून बंद पडलेल्या कोणत्याही गाडीला ‘व्हेपर लॉक झाला’ म्हणण्याची पद्धत अजून टिकून आहे. ती प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे जुन्या फियाटच्या, जमान्यातली. त्या गाडीत पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला असे आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढीने लाइनमधला दाब घटतो, आणि पेट्रोलमधले हलके घटक तर पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळू लागतात. तापलेल्या पंपात वाफेचे बुडबुडे होत; पंप वाफ दाबत बसे, कार्बोरेटर कोरडा पडे. खंडाळ्याच्या चढावर बॉनेट वर करून पंपावर ओले फडके ठेवलेल्या फियाट हे एका पिढीच्या प्रवासाचे नेहमीचे दृश्य होते, आणि ओले फडके हा उपाय शास्त्राला धरूनच होता. २००० सालाच्या आसपास आपल्याकडे इंजेक्शनच्या गाड्या सर्रास झाल्या. पंप टाकीत गेला, पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने ढकलू लागला, आणि व्हेपर लॉक जवळपास नाहीसा झाला. ऑक्टोबर २०२३अखेर पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. निदान मात्र राहिले.

गाडी खरोखरच उकळून बंद पडली असेल, काटा लाल पट्ट्यात असेल, तर रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते; झाकण फिरताच ते तोंडावर येते. इंजिन निवल्यावरच पाणी पाहावे, आणि तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी एकदम ओतू नये.

गॅस, डिझेल, पाणी

सीएनजीवर चालणारी गाडी बंद पडली तर पहिले काम बटण दाबून ती पेट्रोलवर घेणे. पेट्रोलवर चालली तर दोष गॅसच्या बाजूला: फिल्टर, रेग्युलेटर, सोलेनॉइड. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून झिजलेले प्लग आधी गॅसवर उघडे पडतात. दोन्हींवर चालली नाही तर दोष समाईक भागांत शोधावा. अडचण अशी की गॅसच्या बचतीवर नजर असणारे मालक महिनोन्महिने पेट्रोल भरत नाहीत. मग ऐन वेळी टाकीत शिळे पेट्रोल, कोरडा पंप आणि चिकटलेले इंजेक्टर मिळतात. गॅसचा वास येत असेल तर सेल्फ मारू नये. दारे उघडावीत आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करावा.

डिझेल गाडीला ठिणगी लागत नाही. तिथे डिझेल, हवा आणि दाब एवढेच. टाकी रिकामी झाली की लाइनमध्ये हवा शिरते, आणि नंतर पाच लिटर ओतले तरी इंजिन घेत नाही. फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबून हवा काढावी लागते. कॉमन रेल इंजिनात दाबाच्या बाजूचे पाइप रस्त्यात सैल करू नयेत. चालू इंजिनात तिथे दीड हजार बारच्या वर दाब असू शकतो, आणि त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते.

डिझेलमध्ये पाणी असले तर काय होते, ते जून २०२५मध्ये अख्ख्या देशाने पाहिले. मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासाठी निघालेल्या १९ गाड्यांनी रतलामजवळ एकाच पंपावर डिझेल भरले आणि थोड्याच अंतरावर त्या एकामागून एक बंद पडल्या. टाक्या उतरवल्या तेव्हा डिझेलबरोबर पाणी निघाले. पंपाला सील लागले. निदानाच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे आहे ते हे: इंधन भरल्यानंतर थोड्याच अंतरात बंद पडलेल्या गाडीचा पहिला संशय त्या इंधनावर घ्यावा. पावती जपावी, फिल्टरच्या तळातले डिझेल पारदर्शक बाटलीत काढावे. पाणी जड असल्याने तळाला वेगळे दिसते. पेट्रोलच्या बाबतीत आता इथेनॉलचा मुद्दा आला आहे. वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण थोडे पाणी मुरवून घेते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला याची झळ आधी लागते.

बाहेरचे पाणी याहून महाग पडते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि ओसरलेल्या पाण्यातून निघालेल्या असंख्य गाड्यांचे इंजिन मालकांनी स्वतःच्या हाताने मोडले. हवा घेण्याचे तोंड बऱ्याच गाड्यांत ग्रिलमागे, हेडलाइटच्या उंचीवर असते. पुढच्या बसने उडवलेली लाटही तिथवर पोहोचते. सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी गेले की पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही. इंजिन थांबते, किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. कमी वेगात थांबले तर रॉड वाचलेला असतो, आणि तो मोडायचे काम पुढच्या सेल्फवर सोपवलेले असते. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी कोरड्या जागी ढकलत न्यावी, पाणी ओसरले तरी सेल्फ मारू नये. गॅरेजमध्ये प्लग काढून इंजिन हाताने फिरवले की पाणी बाहेर येते. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलूनच पुढे जायचे. विम्याचाही इथेच संबंध येतो. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायला गेल्याने झालेला इंजिनाचा खर्च बहुधा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कलम घ्यावे लागते.

दोन किरकोळ शक्यता. गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद होत असेल आणि किल्लीचे चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी, बटणाची गाडी असेल तर किल्ली बटणालाच टेकवून दाबावे. आणि जुन्या फोर्डसारख्या काही गाड्यांत धक्का बसला की पेट्रोल तोडणारा स्विच असतो. अपघातासाठी ठेवलेला हा स्विच मोठ्या खड्ड्यानेही उडू शकतो. मुंबई-गोवा महामार्गावर त्याला फारसे निमित्त शोधावे लागत नाही. वर आलेले बटण दाबले की काम होते.

स्कॅनर, धक्का आणि बिल

एप्रिल २०१३पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींत ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या व्यवस्थेची, दुसरी पायरी आली. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की ईसीएमने नोंदवलेले कोड वाचता येतात. क्रँक सेन्सरसाठी पी०३३५, इंधनाचा दाब कमी असल्यास पी००८७. हे कोड दोषाचे क्षेत्र सांगतात, भाग नव्हे. पी०३३५चा अर्थ सेन्सरच्या मार्गात कुठेतरी गडबड आहे इतकाच. सेन्सर, वायर, कपलर, दातांचे चाक, यांपैकी काहीही असू शकते. उंदराने कुरतडलेली वायर नव्या सेन्सरने बरी होत नाही. कोड वाचण्याआधी बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ करण्याचा मोह टाळावा. त्याने कोड पुसले जाऊ शकतात आणि दोषाच्या क्षणी टिपलेले वेग-तापमानही जाऊ शकते.

गाडीला धक्का मारणे हे आपल्याकडचे राष्ट्रीय औषध. ते एकाच रोगावर चालते: सेल्फ इंजिन फिरवू शकत नाही, पण पंप आणि ईसीएम चालवण्याइतकी ताकद बॅटरीत आहे. बॅटरी पूर्ण मेली असेल, ठिणगी नसेल, पंप गेला असेल, तर चार माणसांचा घाम वाया जातो, आणि न जळलेले पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी होतो तो वेगळाच. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. ओढतानाही तिची चालणारी चाके रस्त्यावर न टेकवता, सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

गॅरेजमध्ये सोडताना मालकाने चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: एकदम थांबली की आचके देत, गरम होती की थंड, सेल्फचा आवाज कसा होता, आणि शेवटचे इंधन कधी, कुठे भरले. एवढ्याने मेकॅनिकचे अर्धे काम होते. दुरुस्तीनंतर एक प्रश्न अवश्य विचारावा: हा भाग खराब आहे हे मोजून ठरवले की बदलून? नवा सेन्सर बसवल्यावर गाडी सुरू झाली म्हणून जुना खराब होता असे ठरत नाही. कपलर काढून पुन्हा लावताना गंज घासला जातो आणि सैल पिना बसतात. कित्येकदा दुरुस्ती तेवढीच असते, बिल मात्र सेन्सरचे होते. जुना सेन्सर पुन्हा जोडून, इंजिन तापवून पाहायला पंधरा मिनिटे लागतात. गिऱ्हाइकाने ती मागावीत, आणि बदललेला जुना भाग घरी न्यावा. तो गाडीमालकाचाच असतो.